हिशोब बरोबर, मोदक उशिरा

माऊच्या वहीतलं ते पान माझ्यासमोर आहे. वर लिहिलंय 'बायका ३, तास ५, मोदक २१०'. त्याखाली 'बायका ५, तास ?, मोदक ४२०'. मोदकांशेजारी वर जाणारा बाण, तासांशेजारीही वर जाणारा. बायकांशी जोडलेला मात्र उलटा. शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं उत्तर, ६ तास. गणित म्हणून त्यात काडीची चूक नाही, मी तपासलं असतं तर पैकीच्या पैकी दिले असते. तरी गणेशचतुर्थीच्या सकाळी ऐरोलीतल्या दोन घरी नैवेद्याचे मोदक वेळेवर पोचले नाहीत, आणि त्यातल्या एका घराने नंतर ते घेतलेच नाहीत.

मी ऐरोलीत घरीच सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवते. माऊ आठवीत. हे तिचं घरातलं नाव, तेच इथे वापरते. तिची आई सणावाराला उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते, एक ऑर्डर म्हणजे २१ मोदक. समचलन आणि व्यस्तचलन हा भाग मी गेली कित्येक वर्षं शिकवतेय, पण शिकवताना नेमका कुठे पाय घसरतो ते इतकं उघड मला आधी कधी दिसलं नव्हतं. घसरण्यात माझाही वाटा आहे, तो पुढे येईलच.

त्या रात्रीचं

आदल्या वर्षी १० ऑर्डरी होत्या. माऊची आई, तिची जाऊ आणि शेजारच्या काकू अशा तिघी पहाटे ३ ला बसल्या आणि ८ च्या सुमाराला शेवटच्या मोदकाच्या कळ्या पाडून झाल्या. तिघींनी ५ तासांत २१०, म्हणजे एका बाईचे तासाला १४. या वर्षी ऑर्डरी दुप्पट झाल्या. मदतीला मामी आणि आत्या आल्या, हात झाले पाच. लोकांना सांगितलेली वेळ तीच, साडेआठच्या आत. आईने माऊला विचारलं, "बघ गं, किती वाजता बसायचं?"

माऊने मांडलं: मोदक दुप्पट, म्हणून वेळ दुप्पट, ५ चे १०. हात ३ चे ५, म्हणून १० गुणिले ३ भागिले ५, बरोबर ६. रात्री २ ला बसायचं. सारण आदल्या संध्याकाळीच परतून ठेवलेलं, उकडही २ च्या आत मळून तयार. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. २ वाजून २० मिनिटांनी पहिला घाणा पात्रात गेला.

आणि खरोखरच ८ वाजता ४२० वा मोदक वळून झाला. माऊचा हिशोब मिनिटावर उतरला. पण तेव्हा पात्रातून उतरलेले घाणे होते १७. ओल्या फडक्याखाली ६३ कच्चे मोदक रांगेने पडून होते, काहींच्या पाऱ्यांना बारीक चिरा जायला लागल्या होत्या. पाचही जणी पीठ लागलेले हात घेऊन एका पात्राकडे बघत बसल्या. शेवटचा घाणा उतरला तेव्हा ९ वाजले होते.

मला हे कळलं ते गौरी-विसर्जनानंतर, शिकवणी परत सुरू झाली तेव्हा. माऊ वही उघडेना. म्हणाली, "बाई, तुमचं व्यस्त प्रमाण खोटं आहे."

तुमचं, म्हणाली. पाठ्यपुस्तकाचं नाही.

बाण माझे

सातवीच्या पुस्तकात समप्रमाण व व्यस्तप्रमाण हा धडा आहे आणि आठवीत तोच धागा 'चलन' या नावाने पुढे जातो. दोन्हीकडे नीट लिहिलंय की समचलनात दोन चलांचं, म्हणजे बदलत जाणाऱ्या राशींचं, गुणोत्तर स्थिर राहतं आणि व्यस्तचलनात गुणाकार स्थिर राहतो. पण मुलांना ते वाक्य जड जातं म्हणून आम्ही शिकवणीवाले एक पळवाट देतो. एक वाढलं की दुसरं वाढतं, दोन्ही बाण वर, म्हणजे सम. एक वाढलं की दुसरं घटतं, एक बाण वर एक खाली, म्हणजे व्यस्त. परीक्षेत ही पळवाट छान चालते, कारण परीक्षेतलं प्रत्येक उदाहरण या दोघांपैकी एक असतंच. तिसऱ्या जातीचं उदाहरण कुणी देत नाही, त्यामुळे पळवाट उघडी पडायची वेळच येत नाही.

ही खूण आमच्याच काळातली असंही नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त व्यस्त त्रैराशिक ओळखायला हेच सांगितलंय की इच्छा (जिच्यासाठी उत्तर काढायचं ती राशी) वाढली की फल (तिचं उत्तर) घटतं तिथे ते वापरावं. पण लगेच त्यांनी ते कुठे लागतं तेही सांगून ठेवलं, आणि त्यातलं सोन्याचं उदाहरण मला फार आवडतं. चोख सोनं तेवढंच ठेवायचं असेल तर कस जितका उतरेल तितकं वजन चढतं. आजच्या भाषेत, ११ ग्रॅम शुद्ध सोनं हवं असेल तर २४ कॅरेटचं ११ ग्रॅम घ्या, २२ कॅरेटचं १२ ग्रॅम, १८ कॅरेटचं साधारण १४.६७ ग्रॅम. कॅरेट गुणिले वजन प्रत्येक वेळी २६४. खूण वाढ-घटीची असली तरी कृती गुणाकाराची आहे: प्रमाण (आधी दिलेली राशी) गुणिले तिचं फल भागिले इच्छा. आम्ही खूण तेवढी ठेवली आणि कृतीमागचं कारण गाळलं.

माऊचं दुखणं कुठवर गेलंय ते बघायला मी दुसऱ्या दिवशी १० जोड्या लिहून दिल्या आणि सम, व्यस्त, की दोन्ही नाही, एवढंच लिहायला सांगितलं. 'दोन्ही नाही' हा पर्याय समोर असूनही तिने तो एकदाही निवडला नाही. आईचं वय आणि माऊचं वय: सम. सिलिंडर आणून झालेले दिवस आणि उरलेला गॅस: व्यस्त. चौरसाची बाजू आणि क्षेत्रफळ: सम. मोदकांची संख्या आणि वाफवायचा वेळ: सम. बाण सगळीकडे अचूक, उत्तरं चारही चुकलेली.

एकच सिलिंडर, दोन नाती

मी सुरुवात सिलिंडरपासून केली, कारण तिच्या घरात तो डोळ्यांसमोर असतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. रोज ४०० ग्रॅम जळतो असं धरलं. तिने दोन रकाने पाडले. १० दिवसांनी उरला १०.२ किलो, २० दिवसांनी ६.२, ३० दिवसांनी २.२.

"दिवस वाढले, गॅस घटला. व्यस्तच आहे," ती म्हणाली.

"गुणाकार कर."

१०२, मग १२४, मग ६६. ती थांबली. पुन्हा केला. मी म्हटलं, व्यस्त असतं तर दिवस दुप्पट झाल्यावर गॅस निम्मा व्हायला हवा होता, १०.२ चा ५.१. झाला ६.२. आणि आणखी एक गंमत बघ, खरंच व्यस्त असतं तर सिलिंडर कधी संपलाच नसता. दिवस कितीही वाढले तरी निम्म्याचा निम्मा उरत राहिला असता. स्वयंपाकघरातून तिची आई ओरडली (मी त्यांच्याच घरी बसले होते), "बाई, मला तो सिलिंडर द्या!"

मग तोच सिलिंडर दुसऱ्या बाजूने धरला. रोजचा वापर ४०० ग्रॅम असेल तर किती दिवस जाईल? ३५.५. काटकसर करून २०० ग्रॅमवर आणला तर? ७१. पाहुणे आले, ८०० ग्रॅम? १७.७५. गुणाकार प्रत्येक वेळी १४.२. हे खरं व्यस्तचलन. सिलिंडर एकच, जळणारा गॅसही तोच. पण 'किती उरला' विचारलं तर जळलेला अधिक उरलेला ही बेरीज स्थिर असते, आणि 'रोज इतका जाळला तर किती दिवस' विचारलं तर गुणाकार स्थिर असतो. बाणांना या दोन प्रश्नांतला फरक दिसत नाही, दोन्हीकडे एक वर, एक खाली.

माऊला हे पटलं ते बेरजेचा रकाना भरल्यावर. जळलेला ४ किलो, उरलेला १०.२, बेरीज १४.२. जळलेला ८, उरलेला ६.२, बेरीज १४.२. पुढचं तिने आपणहूनच काढलं. आईचं वय आणि तिचं वय, फरक २५ चा. ती १ वर्षाची होती तेव्हा आई २६ ची, २६ पट. आज १३ आणि ३८, तिपटीहूनही कमी. ती २५ ची होईल तेव्हा आई ५० ची, बरोबर दुप्पट. बाण दोन्ही वर आहेत, पण इथे टिकते ती वजाबाकी. गुणोत्तर वर्षावर्षाला उतरत जातं.

त्या दिवसापासून तिच्या वहीत बाण नाहीत. ती आधी तीन-चार आकडे मांडते आणि मग शोधते की बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांपैकी काय टिकून राहतं. भागाकार टिकला तर सम, गुणाकार टिकला तर व्यस्त, बाकी काहीही टिकलं तर तिसरंच काहीतरी. वेळ जास्त लागतो, हे कबूल. परीक्षेच्या तोंडावर पालक मला यावरून बोलतीलही.

मध्येच रिक्षा

दहा जोड्यांत एक रिक्षाची होती, अंतर आणि मीटरचं भाडं. माऊने 'सम' लिहिलं, मी लाल शाईने काट मारली. माझं म्हणणं असं की किमान भाडं आहे, त्यामुळे सम नाही. वर्षानुवर्षं मी हेच सांगत आलेय. माऊने वाद घातला, म्हणून आकडे मांडले. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगरात रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७.१४. आता १७.१४ गुणिले दीड करा. २५.७१. म्हणजे ते २६ रुपये काही वेगळं किमान भाडं नाही, दीड किलोमीटरचंच भाडं पूर्ण रुपयात आणलेलं आहे. दीड किलोमीटरच्या पुढे रिक्षा जवळजवळ तंतोतंत समचलनात धावते. त्याच्या आत मात्र भाडं जागचं हलत नाही, अर्धा किलोमीटर जा की सव्वा, २६ च.

तेव्हा काट मी खोडली आणि अर्धा गुण दिला. तिने उरलेला अर्धा मागितला. तो दिला नाही, कारण 'दीड किलोमीटरच्या पुढे' हे तिने लिहिलं नव्हतं.

विजेच्या बिलावर मी मुद्दाम गेले नाही. तिथे स्थिर आकार एकीकडे ओढतो आणि वाढत्या युनिटांबरोबर चढणारे टप्प्यांचे दर दुसरीकडे. तो प्रकार दहावीनंतरचा म्हणावा इतका गुंतागुंतीचा आहे.

पात्रापाशी

आता मूळ प्रसंग. मोदकाच्या स्वयंपाकात समचलन भरपूर आहे. तांदळाच्या पिठीची दोन वाटी उकड म्हणजे माऊच्या आईच्या हाताने २१ मोदक, चार वाटी म्हणजे ४२. पिठीला तेवढंच पाणी. खोवलेला नारळ दोन वाट्या तर गूळ एक वाटी, नारळ दुप्पट तर गूळ दुप्पट. ही सगळी मापं माऊने ४२० साठी बिनचूक काढली होती आणि त्यात कुठे कमी-जास्त झालं नाही. (मीठ आणि तूप तिने आईवर सोडलं, तेच बरं. चिमटीला गुणोत्तर नसतं.)

हात आणि तास यांचं व्यस्तचलनही खरं होतं. ३ गुणिले ५ म्हणजे १५ बाई-तासांत २१०. ५ गुणिले ६ म्हणजे ३० बाई-तासांत ४२०. ८ वाजता शेवटची कळी पडली, तेव्हा हे सिद्धच झालं.

जे तिने धरलं नाही ते पात्र. त्यांच्या मोदकपात्रात एका वेळी २१ बसतात. पंधरा मिनिटं वाफ, मोदक उतरवणं, नवे मांडणं, पाण्याला परत उकळी, सगळं मिळून एका घाण्याला २० मिनिटं. पात्रात ११ ठेवा किंवा २१, वेळ तेवढाच, म्हणून 'मोदक आणि वाफवायचा वेळ' हे समचलन नाही. २१ पर्यंत वेळ सपाट असतो, बाविसाव्या मोदकाला एकदम २० मिनिटांनी उडी मारतो. तासाला तीन घाणे, म्हणजे पात्राची चाल तासाला ६३.

मग आदल्या वर्षी हे का जाणवलं नाही? तेव्हा तिघींचे हात तासाला ४२ मोदक वळत होते. दर अर्ध्या तासाला एक घाणा तयार व्हायचा, २० मिनिटांत उतरायचा आणि पात्र १० मिनिटं रिकामं उकळत राहायचं. या वर्षी पाच जणी तासाला ७० वळायला लागल्या. ७० येतात आणि ६३ जातात, म्हणजे दर तासाला ७ फडक्याखाली जमा. शिवाय पहिला घाणा २:२० ला लागलेला. २० घाणे गुणिले २० मिनिटं, ६ तास ४० मिनिटं, म्हणजे ९ वाजता शेवट. हे सगळं आदल्या दिवशी कागदावर काढता आलं असतं. साडेआठपर्यंत १८ घाणे, ३७८ मोदक, १८ ऑर्डरी. उरल्या दोन.

माऊच्या आईला हे सांगितलं तेव्हा त्या काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आत्याला उगाच बोलावलं?" तिचं येणं अगदीच फुकट गेलं असं नाही. पण चौघींनीच वळलं असतं तर तासाला ५६, ४२० ला साडेसात तास, रात्री साडेबाराला बसून पात्राने ते सगळं घेतलं असतं आणि पाचवीला झोप मिळाली असती. पाचव्या हाताने दिलेला जवळजवळ अर्धा वेळ पात्राने खाल्ला, आणि सहावी आली असती तर तिचा वेळ पुरताच खाल्ला असता.

इथे माऊचं 'तुमचं व्यस्त प्रमाण खोटं आहे' हे वाक्य मी पुन्हा काढलं. मी म्हटलं, खोटं नाही, पण त्याच्यापुढे एक अट लपलेली असते: बाकी सगळं पुरेसं असेल तर. पुस्तकातले ८ मजूर खड्डा ६ दिवसांत खणतात, तेव्हा फावडी आठ आहेत हे धरलेलं असतं. तिने विचारलं, "मग पुस्तकात फावडी का लिहीत नाहीत?" मला उत्तर सुचलं नाही.

माघी गणेशजयंती

जानेवारीत १२ ऑर्डरी आल्या, २५२ मोदक. यावेळी आईने माऊला तास विचारले नाहीत, 'किती जणी बोलवू' एवढंच विचारलं. माऊने कोष्टक केलं. सारण-उकड तयार असं धरून आणि पहिल्या घाण्याआधीची काही मिनिटं सोडून, एकटीला १८ तास, दोघींना ९, तिघींना ६, चौघींना साडेचार. इथवर गुणाकार १८. पाच जणींपुढे तिने आधी ३.६ लिहिलं आणि मग खोडून ४ केलं, कारण २५२ चे घाणे १२ आणि १२ गुणिले २० म्हणजे ४ तास. सहा जणींपुढे ३ खोडून पुन्हा ४. गुणाकाराच्या रकान्यात १८, १८, १८, १८, आणि मग २० आणि २४. त्या २० वर तिने गोल केला होता.

चौघी बसल्या. मोदक वेळेत गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते त्यानंतरच्या रविवारचं. माऊच्या आईला मोठं पात्र घ्यायचं होतं, म्हणून आम्ही तिघी ठाण्याला जांभळी नाक्याकडच्या बाजारात गेलो. त्यांच्या घरच्या थाळीचा व्यास १० इंच. दुकानात १५ इंची होती. आई म्हणाल्या, "दीडपट आहे, म्हणजे एकतीस-बत्तीस बसतील." दुकानदारानेही मान हलवली.

माऊ म्हणाली, "नाही, जास्त."

चौरसाची बाजू आणि क्षेत्रफळ, तिची चुकलेली जोडी. व्यास दीडपट तर जागा दीड गुणिले दीड, सवादोन पट. २१ चे सुमारे ४७. पण कडेला गोलाईत फटी राहतात आणि मोदक काही पाण्यासारखा पसरत नाही, त्यामुळे नुसत्या गुणाकारावर तिचा आता विश्वास नव्हता. तिने आईच्या पिशवीतून लिंबं काढली, साधारण मोदकाच्याच घेराची. १२ होती. थाळीच्या मधोमध दोन बोटांनी आडवी-उभी रेघ ओढल्यासारखं केलं आणि एका पाव भागात लिंबं मांडायला लागली, कडेपासून आत. बारावं लिंबू मधल्या टोकाला जेमतेम टेकलं.

"चोक अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "पण एवढं पाणी उकळायला जास्त वेळ लागेल. घाणा २० मिनिटांत नाही उतरणार. किती लागेल, काका?"

दुकानदार लिंबांकडे बघत होता. "ते मला काय विचारतेस बाळा," तो म्हणाला. "आईला विचार. आणि ताई, थाळी घेताय ना? मागे गिऱ्हाईक उभं आहे."